मुक्कामी संघाचे किसनराव

किसनराव गायकवाड कुठलीही गोष्ट एकाच सुरात सांगत. भोरच्या एस.टी. स्टँडवर ते कंट्रोलर होते. खिडकीत बसून दिवसभर गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. घरी पाहुणे आले, पगार झाला, पाय मुरगळला, सगळं त्यांच्या तोंडून वेल्ह्याची गाडी लागल्यासारखंच यायचं. सत्तर सालच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अशोक सकाळी गेला. आज खेळ न्हाई." अशोक त्यांचा धाकटा भाऊ, आमचा सेंटर फॉरवर्ड. त्याला कावीळ झाली होती. आम्ही चेंडू उचलला आणि त्यांच्या मागोमाग चालू लागलो.

आमच्या फुटबॉल संघाचं नाव 'मुक्कामी'. हे नाव कुठून आलं यावर स्टँडसमोरच्या हॉटेलात कायम वाद चाले. सायकल दुकानवाला मुनीर म्हणे, रात्री वस्तीला थांबणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून खेळायला लागले, त्यांच्यावरून पडलं. शाळेतले ड्रिलचे पाटणे सर हे मान्य करत नसत. त्यांच्या मते संघ पहिला सामना खेळायला पुण्याला गेला, शेवटची गाडी चुकली आणि सगळे तिथंच स्टँडवर झोपले, तेव्हापासून मुक्कामी. किसनराव गोलकीपर. चहा संपेपर्यंत ते ऐकून घेत आणि मग सांगत, "समोरच्यांचा बॉल आपल्या गोलात मुक्कामाला यायचा, म्हनून मुक्कामी. तवा गोलात मीच हुतो. मला ठावं." अशोक हसून त्यांच्या पाठीवर थाप मारायचा. तसं करायला दुसरं कुणी धजत नसे.

अशोक गेल्यानंतर किसनराव लवकरच कामावर आले. गाड्या सुटत होत्या. आमचा सरावही सुरू झाला. मैदानावर कुणी ओरडत नसे. चेंडू आला की मारायचा, एवढंच. त्या दिवसांतलं मला फार काही आठवत नाही.

दिवाळीनंतर पुण्यात स्पर्धा होती. पाटणे सरांनी नवे शर्ट शिवायला टाकले होते आणि पाठीवर संघाचं नाव घालायचं होतं. हॉटेलात जमलो तेव्हा मुनीर म्हणाला, "मुक्कामी नको आता. अशोक स्मृती संघ लिहू." त्यावर वाद घालण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. पाटणे सरांनी मान डोलावली. मग सगळ्यांनी किसनरावांकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"का न्हाई?" मुनीर म्हणाला. "तुमचा भाऊ हुता, तसा माझा दोस्त हुता."

"हुता की. पन आपन जिंकतो कमी आन् हरतो लई. लोक म्हनतील, अशोक चार गोलांनी हरला. अशोकचा धुव्वा उडाला. येकदा गेला तो. आता दर आयतवारी कशाला हरवायचं त्याला?"

शर्टांवर 'मुक्कामी'च आलं. पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो. एक अगदी साधा चेंडू किसनरावांच्या पायांजवळून आत गेला आणि ते हलले नाहीत. मग त्यांनी तो उचलून मैदानात फेकला आणि परत जागेवर जाऊन उभे राहिले.

पुढं त्यांची बदली झाली. संघही हळूहळू मोडला. काही वर्षांनी मी त्यांच्या गावी, मार्गासनीला गेलो होतो, तेव्हा ते सुटीवर आल्याचं कळलं म्हणून घरी डोकावलो. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी अशोकचा फोटो होता. त्यांची आई तांदूळ निवडत बसली होती. मी अशोकबरोबर खेळायचो हे ऐकून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तुमी समदे त्याला इसरलात," ती म्हणाली. "तुमच्या टीमला माझ्या लेकाचं नाव द्यावं, असं कुनालाच वाटलं न्हाई?"

मी किसनरावांकडे पाहिलं. त्यांनी तिला ती गोष्ट कधी सांगितलीच नव्हती.

"त्यांनी इचारलं हुतं, आये," ते म्हणाले. "म्याच नको म्हनलं."

"इचारलं हुतं?"

"व्हय."

"कुनी?"

"मुनीरनं."

"त्यो सायकलवाला?" ती म्हणाली. "आन् बाकीचे?"

"बाकीचे समदे व्हय म्हनले."

"समदे?"

"समदे, आये. म्या सोडून."

ती रागावेल असं मला वाटलं. किसनराव उठून दाराशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. आईनं सूप परत पुढ्यात ओढलं.

"मुनीरला म्हनावं," ती मला म्हणाली, "येकदा येऊन जा."

मी निरोप पोचवला. किसनरावांची आणि माझी ती शेवटची भेट. ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही मुनीरकडून. तो त्या घरी जातच राहिला होता.