बाहेर काढण्याचं इंग्रजी

मुन्शीजी नवख्याला इंग्रजी शिकवायचे ते थेट हाकलून देण्यापासून. 'गुड मॉर्निंग' वगैरे मागाहून. लढाईचे दिवस होते आणि नगरच्या छावणीत गोऱ्या साहेबांकडे नोकरी धरायला आम्ही खेड्यापाड्यांतून आलो होतो. मी काष्टीचा. मुन्शीजी म्हणायचे, "बेटा, 'थ्रो हिम आउट' म्हणजे याला धरून बाहेर काढा. साहेब हे तुला नाही म्हणणार, शिपायाला म्हणेल. तेव्हा कान उघडे ठेव."

'टर्न आउट' म्हणजे बिऱ्हाडासकट बाहेर. 'किक आउट'ला लाथ बसतेच असं नाही, पण बसल्यासारखं होतं. हे सगळं ते करून दाखवत. दंडाला धरून उंबऱ्याबाहेर नेत आणि परत आत बोलावून चहा पाजत. चहा कसला, गरम पाणीच ते.

शिकवणी आणि संसार एकाच भाड्याच्या खोलीत. बायको तिथंच वारली होती. लेक घोडेगावला बोलवून बोलवून थकली, पण हे हलेनात. "मी मरणार ते याच खोलीत," म्हणायचे. घरमालक आबा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे गप्पांना येत. मुन्शीजी मुसलमान, आबा हिंदू, पण दोघांचं चांगलं गूळपीठ होतं.

सत्तेचाळीस साली दंग्यांच्या बातम्या यायला लागल्या. एका संध्याकाळी चहा पिता पिता आबा म्हणाले, "मुन्शीजी, दिवस बरे न्हाईत. चार दिवस लेकीकडं जाऊन या. मी काय म्हनत न्हाई, लोक बोलत्यात."

"बरं," मुन्शीजी म्हणाले आणि आबांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्यांना मोटारीत बसवायला मी गेलो. वाटेत त्यांनी विचारलं, "नामदेव, आबा बोलले त्याला इंग्रजीत काय म्हणायचं रे?"

"तुमीच सांगा."

"मला ओरडणाऱ्यांचंच येतं."

ट्रंक टपावर चढवली आणि परत आलो.

महिन्याभरात आबांनी त्या खोलीत कडबा भरला. साहेब गेले, माझी नोकरीही गेली. पुढच्या वर्षी घोडेगावच्या बाजारात बैल बघत होतो, तर समोर मुन्शीजी. फार वाळले होते. माझी ख्यालीखुशाली राहिली बाजूला, आधी विचारलं, "आबांनी काही निरोप दिलाय?"

"न्हाई."

"मग अजून चार दिवस झाले नसतील," म्हणाले आणि वाकून बैलाचे दात बघू लागले.