खलासआजी

बाजूच्या खोलीतली बुढी कोनतंबी काम झालं का खलास म्हने, अन् माहा हात लेकराच्या डोक्यावर जाये. भांडे घासून झाले, खलास. पोरीले भात चारून झाला, खलास. दोन्ही तळहात एकमेकाले झटके, जशी पीठ झाडून राह्यली, अन् म्हने खलास. आमच्या यवतमाळकडं खलास झाला म्हनजे मानूस मेला. अन् आमी दोघीबी लेकरायच्या कॅन्सरसाठी हैद्राबादले येऊन पडलेल्या, तिथी हा शब्द कोन तोंडातून काढते? मी मनातल्या मनात तिचं नाव खलासआजी ठेवलं, भेत भेतच.

माह्या चेतूले चौथं लागलं अन् रक्ताचा कॅन्सर निघाला. यवतमाळवाल्यायनं नागपूरले रेफर केलं, नागपूरवाल्यायनं हैद्राबादले. ह्यायची लोहाऱ्याच्या एमआयडीसीत ड्युटी, सुट्टी संपली तं हे वापस गेले, अन् मी आठवी शिकलेली बाई, परक्या गावात लेकरू घेऊन एकटी राह्यली. दवाखान्याच्या मांगं पेशंटच्या मानसायले खोल्या भाड्यानं भेटत, दोन खोल्यायले मिळून एक सैपाकघर. बाजूच्या खोलीत ही बुढी, काळा लांब झगा, डोक्याले पांढरा रुमाल, अन् तिची सहा वर्षाची नात दिमा. मले वाटलं काश्मीरच्या असतीन. यूसुफनं सांगितलं, फिलिस्तीनच्या, गाझाच्या. यूसुफ बुढीचा पोरगा, हैद्राबादले कॉलेजात शिके, हिंदी बोले.

त्यायलेबी रेफरच केलतं. गाझातला दवाखाना बंद पडला तं पोरीले मिसर देशात पाठवलं, तिथी नंबर लागेना म्हनून यूसुफनं इकडं आनलं. म्या इचारलं, पोरीची माय कुठी हाये? तं माय तिथीच. सरहद्दीवाले म्हने, लेकरासंग एकच मानूस जाऊ देतो, अन् मायचं नाव मंजूर नाई झालं, आजीचं झालं. काहून, ते कोनालेच मालूम नाई. बुढी हसून काईतरी बोलली. यूसुफ म्हने, "अम्मी बोल रहे, मैं बुड्ढी हूँ, मेरे से कौन डरता." मले हसू नाई आलं. मी चेतूचा हात धरून बसली. मले कोनी म्हनलं असतं का तू इथीच राय, लेकरू तुही सासू नेईन, तं.

तिले माही भाषा येत नाई, मले तिची नाई. पन धुनं धुताना म्या साबन म्हनलं तं ती म्हने साबून. तारीख म्हनलं तं तीबी तारीखच म्हने. असा एक एक शब्द सापडत गेला. एक डाव म्या ठेचा कुटला. तिनं बोटानं चाटला, डोळ्याले पानी आलं, अन् माह्याकडं हात करून म्हने, "नार, नार." म्या म्हनलं, हो आजी, मी नारच हावो, तुमीबी नारच हा. दुसऱ्या दिवशी यूसुफनं सांगितलं, त्यायच्यात नार म्हनजे आग. तवापासून मी मिरच्या काढल्या का ती दाराआड जाऊन उभी राहे अन् तिथून बोंबले, नार. मुद्दामच. लई चावट बुढी होती.

सैपाकघराच्या खिडकीत तिचा फोन उभा ठेवलेला राहे, त्याच कोपऱ्यात रेंज ये. दिमानं काय खाल्लं ते ती रोज संध्याकाळी त्याच्यात बोलून तिच्या मायले पाठवे. ऐकून ऐकून मले त्यातले खान्याचे शब्द ओळखू याले लागले, पोळीचा, दह्याचा, अंड्याचा. तिकडून कई कई दिवस जवाब ये नाई, मंग एकदमच चार-पाच ये. मायचा आवाज, अन् त्याच्या मांगं एक घूं घूं, भुंगा फिरल्यावानी; यूसुफ म्हने, ड्रोनची. बुढी फोन कानाले लावून उभी राहे. रडे नाई. ऐकून झालं का फोन झग्याले पुसे अन् पुन्हा खिडकीत उभा करे.

दिमा मोठी हुशार. कडू औषध पिऊन गिलास डोक्यावर उपडा करे अन् म्हने खलास. तिचं पाहून चेतू औषध प्याले लागला, नाईतं सारं थुके. मले बरं वाटलं. पन एक दिवस त्यानंबी गिलास टकल्यावर उपडा केला अन् म्हनलं, "आई, खलास." म्या त्याच्या हातातून गिलास हिसकला. म्या यूसुफले जिन्यात गाठलं, म्हनलं, भाऊ, तुमच्या आईले सांगा, आमच्याकडं खलास म्हनजे मानूस मेला. तो पहिले हसला, मंग माह्यं तोंड पाहून थांबला. बुढीनं ऐकलं अन् तोंडावर हात ठेवला. आली, चेतूच्या डोक्यावरून हात फिरवत ओठातल्या ओठात काई म्हनत राह्यली. मंग हातानंच इचारलं, तुमी काय म्हनता? म्या म्हनलं, बस. तं बस त्यायच्यातबी निघालं. त्या दिवसापासून आमच्यापुढं तिनं खलास म्हनलं नाई. तोंडात ये, खल, अन् तेवढ्यातच गिळे. बस म्हने. दिमालेबी डोळे वटारून दाखवे.

मंग दिमाले ताप भरला, उतरेना. तिले आतमंधी काचंच्या आड ठेवलं. आजी सकाळी जाये अन् दुपारी सूप कराले खोलीवर ये. त्या दुपारी म्याच तिच्या पातेल्यात बटाटे शिजाले लावलते, चहा मांडलता. ती आली, भिंतीले टेकून उभी राह्यली. मी तिच्या गिलासात चहा ओतून राह्यली तं ती म्हने, "बस."

म्या म्हनलं, "अर्धाच झाला आजी, घ्या ना."

ती म्हने, "बस."

म्या तरी ओतला, काठोकाठ. मंग तिनं हात लांब केला अन् पातेल्याखालचा गॅस बंद केला. म्या म्हनलं, बटाटे कच्चे हायेत अजून. तवा दारात यूसुफ दिसला, त्याच्या हातात दिमाच्या गुलाबी चपला.

चहा थंडा झाला, वर साय धरली. खिडकीत फोन वाजला, वाजत राह्यला. मले रडू आलं नाई. मले एकच वाटून राह्यलं का चेतू खोलीत एकटा हाये, अन् माह्याच्यानं पाय उचलला जाये नाई.

मातीले यूसुफ अन् त्याचे दोस्त गेले. संध्याकाळी आजीनं फोन हातात घेतला अन् त्याच्यात बोलली, रोज बोले तशीच, हळू. मी भिंतीपलीकडून ऐकलं. खान्याचा एकबी शब्द आला नाई.

चेतूचा कोर्स झाला अन् आमाले सुट्टी भेटली तवा आजी तिथीच होती. तिचा घरचा रस्ता बंद, अन् तिची पोरगी, दिमाची माय, तीबी तिकडंच. हे आमाले घ्याले आलते. आजी ऑटोपर्यंत खाली आली. म्या तिचे हात धरले अन् म्हनलं, "आजी, चेतूचं खलास."

ह्यायनं माह्याकडं पाहिलं, ही काय बोलून राह्यली म्हनून. आजीनं घाईघाईनं नाई नाई अशी मान हलवली. "ला, ला. बस."

म्या म्हनलं, "नाई आजी. खलास."

ती माह्या तोंडाकडं पाहत राह्यली. मंग तिनं दोन्ही तळहात एकमेकाले झटकले, पीठ झाडल्यावानी, अन् चेतूले म्हनलं, "खलास." बस म्हनाले लागली तवापासून आमच्यापुढं पहिल्यांदाच.

आता आमी लोहाऱ्यातच हावो. चेतूची तपासनीची तारीख जवळ आली का मी रातीतून चार डाव त्याच्या कपाळाले हात लावून पाहतो. यूसुफचा फोन लागत नाई. चेतू रोज सकाळी गोळी घेते, गिलास डोक्यावर उपडा करते, आता केस आले त्याले तं गिलास ठरत नाई, घसरते, तरी धरून ठेवते अन् मोठ्यानं म्हनते, खलास. माही सासू म्हनते, "आवं, तोंड धर त्याचं. असं अभद्र काहून बोलू देतं लेकराले?"

मी त्याच्या हातातून गिलास घेतो, खरंच रिकामा झाला का ते उजेडात धरून पाहतो, अन् घासाले टाकतो.