चित्रातल्या बाई कुठे बघतात

जाधवबाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने, मिलिंददादाने केला. तो पोफळीला असतो, वीजकेंद्राच्या कॉलनीत. म्हणाला, "आई गेली सकाळी… चित्र पाठवशील ना?" मी हो म्हटलं. फोन ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे बाई होत्या, ऐन तरुण, निळ्या सुती साडीतल्या, आणि नेहमीसारख्याच माझ्याकडे न बघता चौकटीबाहेर कुठेतरी बघत होत्या.

पूर्णगडला आमच्या आजोबांची कलमांची बाग होती. मुंबईचा एक तरुण चित्रकार किल्ला आणि खाडी रंगवायला आला आणि बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, महिनाभर राहिला. जाताना किल्ल्याची चित्रं तो घेऊन गेला, हे एक आजोबांना देऊन गेला. पुढे त्याचं खूप नाव झालं. चित्रातली बाई कोण हे त्याने सांगितलं नाही आणि आजोबांनी विचारलं नाही. गाव पूर्णगड, पाठीमागे समुद्र, म्हणजे ही कोळीण आणि होडीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघतेय, असं त्यांनी ठरवून टाकलं. आजोबांनंतर वाटणीत चित्र काकांकडे गेलं. काकांनी ते गणपतीपुळ्याच्या आपल्या हॉटेलात लावलं आणि खाली चौकटीवर पितळी पट्टी ठोकली, 'प्रतीक्षा'. पर्यटक तिच्यासमोर उभे राहून हळू आवाजात बोलायचे.

त्या हॉटेलातच मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं. मे महिन्याच्या सुट्टीत काकांकडे गेले होते, आठ-नऊ वर्षांची असेन. खांद्याला पिशवी, हातात छत्री अशा एक बाई आल्या. त्यांना खोली नको होती. त्यांनी काउंटरजवळची खुर्ची उचलली, चित्राखाली नेली आणि चित्राकडे पाठ करून बसल्या. "बसू दे त्यांना," काका माझ्या कानात म्हणाले, "वर्षातून एकदा येतात. म्हणतात, चित्रातली मीच." आणि त्यांनी डोळा मिचकावला. मी मात्र वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. कपाळ तेच होतं. हनुवटी किंचित उचलायची रीत तीच होती. माझ्या अंगावर काटा आला. भिंतीवरचं माणूस खाली खुर्चीत बसून पिशवीतले शेंगदाणे खात होतं!

"काय बघतेस गो? ये, बस."

मी कशीबशी म्हणाले, "चित्र तुमच्या मागे आहे."

"ते बघायला नाही आले. चित्रातली बाई काय बघते, ते बघायला आले."

आणि त्यांनी मला ते दाखवलं. चित्रकाराने त्यांना शाळेच्या पडवीत बसवलं होतं. समुद्र पाठीमागे होता. बाजूला, जिथे त्यांची नजर आहे, तिथे त्यांचा चौथीचा वर्ग, दार सताड उघडं. "तो सारखा म्हणायचा, बाई, जरा लांब बघा. लांब काय बघू? पहिल्या बाकावरचा सदा शेजारच्या पोराच्या डोक्यावर दौत उपडी करत होता! लोक म्हणतात ना, डोळ्यांत केवढा विरह आहे… तो विरह नाही गो, तो सदा आहे."

त्यानंतर मला त्या चित्रात कधी एकटी बाई दिसली नाही. चाळीस पोरांचा गलका ऐकू यायचा. चित्रकाराने तो रंगवला नव्हता आणि तरी सगळा त्या दोन डोळ्यांत होता. अजूनही मला ते कसं झालं हे कळत नाही.

हॉटेल बंद झालं आणि चित्र बाबांकडे रत्नागिरीला आलं. बाई मग एसटीने आमच्या घरी यायला लागल्या. त्याच रीतीने बसायच्या, चहा घ्यायच्या, आणि मी गप्प बसून ऐकत राहिले की म्हणायच्या, "मराठीत नाही तर इंग्रजीत तरी बोल बाई!"

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक कलादालनाचे गृहस्थ आले. बाबांनी चित्र त्यांना द्यायचं जवळजवळ कबूल केलं होतं. चित्रकाराकडून आजोबांकडे, आजोबांकडून काकांकडे, मग इथे, असं सगळं ते बारकाईने विचारून घेत होते. मग चित्राकडे बघत म्हणाले, "या कोळणीच्या नजरेतली उदासी काय विलक्षण आहे." बाई नेमक्या त्याच दिवशी आल्या होत्या आणि खाली बसल्या होत्या. त्यांना ते घरातल्या कुणी आजी समजले होते. पाहुणे आले की मी आत जाते. त्या दिवशी दारात थांबले आणि म्हणाले, "त्या इथे बसल्यात."

गृहस्थांनी वर बघितलं, खाली बघितलं. मी लहानपणी बघितलं होतं तसंच.

"चित्र कुणाकुणाकडे होतं ते सगळं विचारलंत," बाई शांतपणे म्हणाल्या. "चित्रात कोण आहे ते?" मग बाबांकडे वळल्या. "आमच्या वाडीतून शाळेत खुर्चीवर बसलेली मी पहिली हो. आणि तुमच्या वडिलांनी मला होडीची वाट बघायला बसवलं."

बाबा चित्राखाली येऊन उभे राहिले. मग त्या गृहस्थांना म्हणाले, "माफ करा, चित्र द्यायचं नाही." आणि बाईंना म्हणाले, "तुम्ही घेऊन जा. तुमचंच आहे."

"आज नको," बाई हसल्या. "आमच्या भिंतीवर दोन तसबिरी, दोघं कोण ते सांगायला नको. त्यांच्या रांगेत जिवंतपणी मी कुठे लटकू? मी गेल्यावर पाठवा."

ती पितळी पट्टी मी दुसऱ्याच दिवशी काढली. नवी करून घेतली: 'सुलभा जाधव, शिक्षिका, इयत्ता चौथी'. पुढच्या वेळी आल्यावर बाईंनी चष्मा पुसून ती वाचली. म्हणाल्या, "बरोबर आहे." वही तपासल्यासारखं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाबा आणि मी चित्र चादरीत गुंडाळून पूर्णगडजवळच्या त्यांच्या घरी नेलं. मिलिंददादाने दोन तसबिरींच्या जरा खाली तिसरा खिळा ठोकून ठेवला होता. भन्तेंनी वंदना घेतली. माणसांनी अंगणही भरलं होतं, बरेचसे बाईंचे विद्यार्थी. सगळे उठले तेव्हा पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ चित्राच्या बाजूला, अगदी बाईंच्या नजरेच्या रेषेत उभे होते. त्यांनी वर बघितलं, चटकन डोक्यावरची टोपी काढली आणि एक पाऊल मागे सरले.

"अजून माझ्याकडेच बघतायत," ते कुणाला तरी म्हणाले. मला नाव विचारावं लागलं नाही.

आमच्या घरी आता भिंतीला नुसता खिळा आहे. खुर्ची मात्र तिथेच राहिली, कुणी हलवली नाही. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मी तिच्यावर बसले, भिंतीकडे पाठ करून, बाई करायच्या तशी मान किंचित वळवून. तिकडे आमच्या स्वयंपाकघराचं दार आहे, सताड उघडं. मी बघत राहिले… आणि हळूहळू पहिला बाक दिसायला लागला.