दुपारी दोनचं बुकिंग

शिरूरच्या बाहेर, नगर रस्त्याला लागून आमची सोसायटी आहे. तिच्या क्लबात एक पोहण्याचा तलाव आणि एक टेनिस कोर्ट. तलावावर गर्दी, कोर्ट बहुतेक मोकळं. क्लबाच्या समितीत मी होते आणि बुकिंगची वही माझ्याकडे असायची. त्या वहीत रोज दुपारी दोनला एकच सही दिसायला लागली, तेव्हा पहिली शंका मलाच आली.

सही आबांची होती. सोसायटीच्या आधी ही सगळी जमीन त्यांचीच. बिल्डरला देऊन त्यांनी बदल्यात दोन फ्लॅट घेतले होते. सत्तरीचा, धोतर-टोपीतला माणूस. ऐन उन्हाळ्यात भर दुपारी त्यांना टेनिस कोर्ट कशाला हवं?

समितीत मी हे सांगितलं, तसे अध्यक्ष खुर्चीत सरळ झाले.

"वहिवाट दाखवायचीय त्यांना. रोज सह्या जमवायच्या आणि उद्या जागा माझीच म्हणून दावा ठोकायचा."

सगळ्यांना पटलं. मलाही. मग साध्या गोष्टीही वेगळ्या दिसायला लागल्या. आबा वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढत. एकदा कोर्टाच्या पांढऱ्या रेषेवरून पावलं टाकत चाललेले दिसले. ते जागा मोजतायत, असं मी घरी येऊन नवऱ्याला खात्रीनं सांगितलं.

शेवटी एका दुपारी मी तलावाशेजारच्या कपडे बदलायच्या खोलीत जाऊन कोर्टाकडच्या खिडकीशी उभी राहिले. आबा आले. चारी बाजूंना बघितलं, धोतर वर खोचलं, बाजाराच्या पिशवीतून रॅकेट काढली आणि भिंतीवर चेंडू मारायला लागले. दहातले आठ चुकत होते. एक चेंडू घरंगळत माझ्या खिडकीखाली आला आणि तो उचलताना त्यांनी मला पाहिलं.

"ताई, लपून काय बघताय?"

"आबा, एवढ्या उन्हात खेळताय?"

"मग कवा येऊ? सकाळी समदी असत्यात. धोतर बघून हसत्यात."

"आणि वहीचे फोटो?"

"तुमची समिती मला क्लबातनं काढायच्या बेतात हाय, असं कानावर आलं. म्हनलं, पुरावा असू द्या."

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत त्यांनीच मला टेनिस शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कपाटातली जुनी रॅकेट काढून दोन वाजता कोर्टावर गेले. आबा चेंडूवर कुऱ्हाड घातल्यासारखी रॅकेट चालवायचे. महिनाभर आम्ही खेळलो. एकदा त्यांनी माझी सर्व्हिस परतवली आणि मोठ्यानं हसले.

पुढच्या बैठकीत मी सगळं खरं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही रोज खेळता त्यांच्याशी?"

"हो."

"तुमच्या मिस्टरांनी केंदूरला आबांच्या भावाचा प्लॉट बघितला होता ना?"

बघितला होता. दोन वर्षांपूर्वी, आणि घेतलाही नव्हता. मी हो म्हटलं, तशी दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आठवड्यात वही माझ्याकडून गेली. दुरुस्तीसाठी कोर्ट दुपारचं बंद, अशी पाटी लागली. दुरुस्तीला कुणी आलं नाही.

आबा मला लिफ्टपाशी भेटले.

"ताई, वही तुमच्याकडंच असती नव्हं?"

"आता नाही, आबा. काढून घेतली माझ्याकडून."

"आन् पाटी कुणी लावली?"

"मी नाही."

"बरं," एवढंच ते म्हणाले आणि लिफ्ट आलेली असताना जिन्यानं वर गेले. काही दिवसांनी पाटी निघाली, दुपारचं कोर्ट पुन्हा सुरू झालं, पण माझ्याबरोबर खेळायला ते आले नाहीत.