साथीदार आलाच नाही तर

माझं काम गेम खेळायचं आहे असं सांगितलं की लोक हसतात. लातूरला आईसुद्धा फोनवर विचारते, "आजून खेळायलास का रे?"

आमची कंपनी थेरगावात, डांगे चौकाजवळ. आमच्या गेममध्ये दोघांनी मिळून टेम्पो घाटातून न्यायचा. एकानं चालवायचा, दुसऱ्यानं मागचा माल सांभाळायचा. आम्ही पाच-सहा जण दिवसभर तेच खेळून चुका शोधायचो. "ये भावा, बस गाडीत!" असं ओरडलं की पलीकडच्या टेबलावरचा बसलाच. खरं सांगतो, मी नोकरीपेक्षा त्या आरडाओरड्यासाठी जायचो. मोशीच्या फ्लॅटवर माझ्याशी बोलायला फक्त कुकर होता.

मग बीटा आला, म्हणजे बाजारात आणण्याआधी गेम बाहेरच्यांना खेळायला दिला. बाहेरचे तरी कोण? कुणाचा दापोडीचा चुलतभाऊ, कुणाचा मेव्हणा, त्यांचे मित्र. सगळी आपलीच माणसं, आधी एकमेकांना फोन करून मगच खेळायला बसायची. त्यांनी ढीगभर चुका काढून दिल्या. आम्ही खूश.

गेम बाजारात गेला आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या. साथीदार आलाच नाही तर पडद्यावर नुसतं "साथीदाराची वाट पाहत आहोत". मागे जाता येईना, बाहेर पडता येईना. आमच्यापैकी कुणावर कधी वाट पाहायची वेळच आली नव्हती, मग ते दिसणार कसं? मला राग आला तो माझाच. रोज एकटा जेवणारा माणूस मी, आणि मलाही हे सुचू नये! पण ऑफिसात पाऊल टाकलं की मी एकटा आहे हे मी साफ विसरायचो.

दुरुस्ती झाली. कुणी आलं नाही तर कॉम्प्युटरच साथीदार होणार. ते तपासायला एकटा माणूस हवा होता.

"तू एकटाच राहतोस ना राव?" टीम लीड म्हणाला. "मग घरूनच कर. इथं कुणी ना कुणी मध्ये टपकतंच."

सगळे हसले. मीही हसलो.

आठवडाभर मोशीला बसून खेळलो. कॉम्प्युटर वेळेवर यायचा, माल नीट सांभाळायचा, गाडी आपटली तरी एक शिवी द्यायचा नाही. फार एकटं वाटलं. शेवटी ग्रुपवर कळवलं, एकट्यानं खेळायला आता काही अडचण नाही. सगळ्यांनी अंगठे पाठवले.

लीडनं लिहिलं, "भारी काम! आता यापुढं एकट्याचं सगळं टेस्टिंग तुझ्याकडंच. घरूनच कर."

मीही अंगठा पाठवला.