परकराला ऊन

माझ्या कमरेला गजकर्ण झालं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं, जागा परकराच्या नाडीखालची. वडगावात आमचे साड्यांचे माग आहेत, मी मागासाठी सुताच्या कांड्या भरते. सूत उडतं म्हणून पंखा बंद ठेवायचा, आणि घामानं कंबर दिवसभर भिजलेली. खाजवून जीव नकोसा व्हायचा. मेडिकलमधून ट्यूब आणली, लावली की लाली जायची. बंद केली की मेलं दुपटीनं परत.

तशात लेक बाळंतपणाला माहेरी आली. नातू झाला, घरी आला, आणि मी आपली लांबूनच बघत उभी. माझं त्याला लागलं तर? लेकीला वाटलं मी रुसले. "आई, याला घेत कशी न्हाईस गं? माझं काय चुकलं?" तिनं विचारलं आणि मला रडू फुटलं. मग लाज गुंडाळून ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी बेळगावात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला. "यात स्टिरॉइड आहे. खाज दबते, बुरशी वाढतच राहते." गोळ्या दिल्या, दुसरं मलम दिलं. डाग गेला तरी त्या सांगेपर्यंत औषध सोडायचं नाही, टॉवेल वेगळा, घरात ज्याला खाज असेल त्यानंही दाखवायचं. नवऱ्याला ओढत नेलं, त्याच्याही मांडीवर होतंच. गडी इतके दिवस लपवून होता.

शेवटी बाईंनी विचारलं, "परकर कुठं वाळवता?"

आमच्याकडे परकर वाळतो तो साडीच्या आड. दोरीवर आधी परकर टाकायचा, वरून साडी पसरायची, म्हणजे कुणाला दिसू नये. लहानपणापासून हेच करत आले. संध्याकाळी नेफा दमटच असायचा, आणि सकाळी तोच कमरेला.

बाई म्हणाल्या, कपडे उन्हात कडक वाळवा. दुसऱ्या सकाळी मी परकर गरम पाण्यात धुतले, उलटे केले आणि गच्चीवर भर उन्हात उघडे टाकले. गच्ची सामाईक. थोरली जाऊ, तिला आम्ही आक्का म्हणतो, ती कपडे घेऊन वर आली आणि तिथंच थबकली.

"अगं, समोरच्या घरातनं दिसतंय की सगळं."

"दिसू दे. परकर नेसतात हे त्यांना ठाऊक न्हाय व्हय?"

ती रागानं खाली गेली आणि लई दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी हटले नाही. रोज तीच दोरी, तेच ऊन. कमरेची कातडी साफ झाली तरी औषध चालूच ठेवलं. बाईंनी तपासून "आता बरं झालंय" म्हटल्यावर घरी आले, हातपाय धुतले आणि नातवाला मांडीवर घेतलं. त्यानं माझ्या पदराला धरलं. एवढ्या साड्यांचं सूत हाताखालून गेलं, पण एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

लेक निपाणीला सासरी निघायच्या थोडे दिवस आधी आक्का बाळाला बघायला आली. मी बाळ पुढं केलं तर ती मागं सरकली, हात पदरात. ते मागं सरकणं माझ्या ओळखीचं होतं.

"आक्का, तुम्हालाबी झालंय न्हवं?" मी हळूच विचारलं.

तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी मी तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यानंतर एका सकाळी गच्चीवर गेले तर माझ्या परकरांशेजारी आक्काचे परकर, उलटे करून टाकलेले. लेक माझ्यामागोमाग साडी वाळत घालायला आली होती. सवयीनं तिनं ती आक्काच्या परकरांवर पसरली.

आक्का जिन्यातूनच ओरडली, "काढ गं ती साडी. ऊन लागू दे त्यास्नी."