दाऊदच्या उंचीची सीट

दाऊदची सायकल वळणावर आली की मला घरात कळायचं. चेन घासायची आणि कॅरिअर खडखडायचा. त्या दिवशी संध्याकाळी तो आवाज आला तेव्हा मी चपला शोधत होतो. आतूनच ओरडलो, "आज वाट चुकलास काय रे म्हाताऱ्या? जेटीवरची मासळी तुझ्यासाठी थांबणाराय काय?" बाहेर आलो तर सायकल धरून दाऊदचा मेव्हणा उभा. त्याने सायकल भिंतीला टेकवली, नीट टेकली की नाही ते बघितलं, आणि मग म्हणाला, "गंगारामकाका, भाईजी गेले. जेवून आडवे झाले ते..." पुढचं मी ऐकलं नाही. त्या सायकलच्या हँडलवर दुसऱ्याचे हात बघितले तेव्हाच मला कळलं होतं.

माझी शाळा चार यत्तांची. जन्म चिऱ्याच्या भिंती बांधण्यात गेला. पण दाऊदबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला पटणार नाही, म्हणून मीच लिहितो.

दाऊद होडीवरचा माणूस. समुद्र सोडल्यावर त्याने राजापूरच्या बाजारातून ही काळी सायकल जुनीच घेतली आणि एस्टीच्या टपावर टाकून आणलीन. दुसऱ्या दिवशी बघतो तर अंगणात सायकल उलटी आणि हा तिला काजूच्या टरफलांचं तेल चोपडतोय. होडीच्या फळ्यांना लावतात ना, ते काळं तेल, कातडीला लागलं तर फोड येतात. मी म्हटलं, "अरे, ही होडी नव्हे." तर म्हणतो, "खारा वारा होडीला खातो नि सायकलला काय मुका घेतो?" सीटचा दांडा उपसून त्याने त्या नळीतही तेल ओतलं, दांडा आपल्या मापाने परत बसवला आणि सायकल उन्हात ठेवली. आता ते तेल वाळलं की दगड होतं, हे होडीवाल्याला सांगायला नको. पण होडीत काही वरखाली करायचं नसतं, त्यामुळे त्याच्या ध्यानात आलं नसावं. सीट बसली ती बसलीच.

दाऊद बुटका, मी ताडमाड. मी त्या सीटवर बसलो की गुडघे हँडलला लागायचे. मग सुरू झाला दांडा काढण्याचा उद्योग. रॉकेल ओतून झालं, कढत पाणी झालं. शेवटी मी माझी गवंड्याची अक्कल चालवली. माझ्या परसातल्या गडग्याचे, म्हणजे नुसत्या रचलेल्या चिऱ्यांच्या कुंपणाचे, दोन चिरे सरकवून मधल्या फटीत सीट घातली, लाकडाच्या पाचरी ठोकल्या. सायकल उलटी, एका चाकाशी तो, दुसऱ्या चाकाशी मी, आणि जातं फिरवावं तशी फिरवायची. "घे रे!" म्हणून दोघांनी जोर केला आणि सगळा गडगा धाडकन आडवा झाला. दांडा केसभर हलला नाही. दाऊद चिऱ्यांच्या ढिगात बसून हसत सुटला. "गवंडी म्हणे! तुझ्या भिंतीपेक्षा माझं तेल बरं!" दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. सायकलवाला म्हणाला करवतीने कापू, तर दाऊद चवताळला. "माझी उंची बरोबर हाय. ह्याला बसायचं असेल तर ह्याचे पाय काप."

तेव्हापासून मी कॅरिअरवर. रोज संध्याकाळी जेटीपर्यंत तो पायडल मारणार आणि मी मागे. निघताना न चुकता विचारायचा, "बसलास काय?" माझं एवढं वजन मागे पडलेलं त्याला कळत नसेल? मी म्हणायचो, "नाय, उडतोय." मगच पहिला पायडल. लोकांना गेलेल्या माणसाचं तोंड आठवतं, मला पाठ आठवते. मानेवरच्या तीन वळ्या, टोपीची उसवलेली कड, घामाने भिजत जाणारा सदरा... बोलणं सगळं वाऱ्याबरोबर मागे यायचं, अर्धं ऐकू यायचं. राहिलेलं अर्धं मी कधी विचारून घेतलं नाही.

त्याला मूठभर माती देऊन आलो. काही दिवसांनी दाऊदच्या बायकोने, भाभीने, निरोप पाठवून बोलावलंन. सायकलकडे बोट करून म्हणाली, "गंगारामभाऊ, घेऊन जा. रोज संध्याकाळी मी हिच्या आवाजाला कान लावते नि ही तर दारातच उभी."

घेऊन आलो, पण बसणार कसा? गुडघे आता आणखीच दुखरे. जेटीपर्यंत पायी चालवत नाही. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणतो, रिक्षा करा. रिक्षातून मासळी आणायला मी काय पाहुणा आहे? कुणी मोटारसायकलवाला थांबून विचारायचा, "काका, सोडू काय?" मी म्हणायचो, मला कुठं जायचं नाही. ते हळूहळू खरंच व्हायला लागलं. संध्याकाळ झाली की चपला घालायच्या, पायरीवर बसायचं, काळोख पडला की काढून ठेवायच्या. बायको जाऊन खूप वर्षं झाली, तेव्हाही घर एवढं गप्प नव्हतं. संध्याकाळी दारात कुणीतरी येत होतं.

एका सकाळी उठलो आणि ठरवलं, हा दांडा आज निघेल नाहीतर मी तरी मोडेन. होडीवरचा जुन्या तेलाचा थर काढायला दाऊद सुक्या झावळांच्या जुडीचा चूड पेटवून तळ शेकायचा, ते आठवलं. ओलं फडकं सीटला गुंडाळलं, चूड पेटवला आणि नळी चांगली शेकली. काळा रंग फोड येऊन गळायला लागला, त्या तेलाचा उग्र वास उठला. गडगा मी तेव्हाच सिमेंटात परत बांधला होता, पण ती फट ठेवली होती. का ठेवली, कुणास ठाऊक. सीट तिच्यात घातली, पाचरी ठोकल्या. एका चाकाला जोर द्यायचा, मग वळसा घालून पलीकडच्या चाकाला. दोघांचं काम एकट्याने करायचं म्हणजे अर्धा जीव फेऱ्या मारण्यातच जातो. शेवटी चिंचेचा फाटा मोडावा तसा आवाज झाला आणि सायकल फिरली.

"दाऊद, हलला रे!" मी ओरडलो.

मग तिथेच चिऱ्यावर बसलो... बराच वेळ.

आता सीट माझ्या उंचीवर आहे. वर आलेल्या दांड्यावर त्या तेलाचा काळा पट्टा दिसतो, तो मी घासून काढलेला नाही. जेटीवर जातो, मासळी आणतो. सायकल फार हलकी चालते, अंगवळणी पडत नाही. निघताना एक पाय पायडलवर ठेवला की माझ्याच तोंडून येतं, "बसलास काय?"

मग जरा थांबतो, आणि पायडल मारतो.